तिकीट राहिले, कागद गेला

जुन्या दस्तऐवजांवरील महसुली तिकिटे गोळा करण्याचा छंद आपल्याकडे थोड्यांनाच आहे. आणि त्या थोड्यांपैकीही कित्येकांची रीत अशी की, कागद हाती येताच त्यावरचा रंगीत चौकोन तेवढा कापून घ्यावा आणि उरलेला कागद रद्दीत टाकावा. या रीतीला आमचा विरोध आहे, छंदाला नाही. हा भेद प्रारंभीच सांगून ठेवलेला बरा. नाही तर 'रसिकतेचे शत्रू' अशी पदवी आम्हांस मिळावयास वेळ लागणार नाही.

टपालाचे तिकीट हे पत्राचे भाडे होय. पत्र पोचले की त्याचे काम संपले. महसुली तिकिटाची गोष्ट निराळी. हॉलंडात १६२४ साली मुद्रांककर निघाला तेव्हापासून त्याचे सारे सामर्थ्य कागदाशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९९ च्या कायद्याने वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लावण्यास सांगितले, ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर रेघ किंवा सही मारण्यास सांगितले, आणि योग्य मुद्रांक नसलेला दस्तऐवज न्यायालयात पुराव्यास चालणार नाही, असेही बजावले. कायद्याने ज्या दोहोंची गाठ अशी घट्ट बांधली, ती आमचे छांदिष्ट मित्र कात्रीने सोडवितात आणि त्यास संग्रह म्हणतात!

आपल्या शहरापुरते बोलावयाचे तर हे नुकसान अधिकच मोठे आहे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे औरंगाबाद सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची तिकिटे निराळी आणि मुद्रांकाचा कायदाही निराळा. तो १३३१ फसलीचा, म्हणजे आपल्या गणनेने १९२१-२२ चा. कचेरीची भाषा आधी फारसी, १८८४ च्या सुमारापासून उर्दू. पक्षकाराचे घर मात्र मराठी. त्यामुळे एकाच कागदावर वर सरकारी मुद्रांक, मध्ये उर्दू मजकूर, खाली मोडी सही, आणि तारखेस आजूर, दै, बहमन असे महिने, असा मेळ पडे. रक्कम हाली सिक्क्यात की कलदारात, हेही लिहिलेले असे. कारण सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार, असा त्यांचा हिशेब होता. मुद्रांकाच्या पाठीवर तो कोणी, कधी, कशासाठी घेतला याची विक्रेत्याची नोंद असे. समजा, पैठणच्या एखाद्या विणकराने घर गहाण टाकले. ते गहाणखत सबंध असेल तर सावकार कोण, व्याज किती, घराच्या चतुःसीमा काय आणि साक्षीदार कोणत्या पेठेचे, हे सारे कळते. कापून घेतलेले तिकीट सांगते काय? आणे इतके. बस्स!

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला जागेचा. त्याचे उत्तर इतकेच की, ज्यास जागा नाही त्याने दहाच कागद ठेवावेत. शंभर कागद कापण्याचा परवाना त्यास कोणी दिला? दुसरा आक्षेप सूचीचा. केप्पेल आणि मॅनर्स यांनी हिंदी संस्थानांच्या कोर्ट-फी व महसुली तिकिटांची सूची मोठ्या कष्टाने सिद्ध केली, ही गोष्ट खरी. परंतु सूची क्रमांक देते तो ओळख पटावी म्हणून, कापणी व्हावी म्हणून नव्हे. स्वित्झर्लंडात प्रांतोप्रांतीची आणि गावोगावची महसुली तिकिटे निघाली आणि १९१८ पासून संघराज्याचा मुद्रांककरही आला. तेथील एखाद्या गावाचे तिकीट कोणत्या दाखल्यावर, कोणत्या दराने लागले, हे सूचीवरून नव्हे तर कागदावरूनच उमगते. आपल्या संस्थानांचीही तीच कथा आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: 'आम्ही कागद घेतला नसता तर रद्दीवाल्याने त्याचा लगदा करविला असता.' हे आम्ही मान्य करतो. परंतु बुडत्यास पाण्याबाहेर काढणाऱ्यास त्याचे दागिने उतरवून त्यास पुन्हा पाण्यात लोटण्याचा हक्क पोचत नाही.

दोष एकट्या छांदिष्टांचा नाही. आमचे इतिहासाभ्यासकही मजकूर उतरून घेतात आणि तिकिटाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक कागदावर लिहिलेल्या तारखेनंतर निघालेला मुद्रांक त्यावर आढळला तर तो कागद बनावट, हे पोरासही कळेल. असा बिनचूक साक्षीदार अभ्यासकाने वगळावा आणि छांदिष्टाने पळवावा, यापरते दुर्दैव कोणते?

जुने कागद म्हणजे मेलेले कागद, असे ज्यांस वाटते त्यांनी २०२३ साल आठवावे. त्या वर्षी कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळच्या उर्दू व मोडी दप्तरांची झडती सुरू झाली. त्या वादात कोणाचा पक्ष खरा, हा प्रश्न येथे नाही. परंतु पाऊणशे वर्षे धूळ खात पडलेला कागद एके दिवशी हजारो घरांच्या आशेचा विषय होऊ शकतो, हे सर्वांनी पाहिले. कोणत्या कागदाची पाळी उद्या येईल, हे कात्री धरणाऱ्यास आज ठाऊक आहे काय?

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमची विनंती आहे. आजोबांची ट्रंक रिकामी करण्यापूर्वी ती एखाद्या मोडी जाणणाऱ्यास आणि एखाद्या उर्दू जाणणाऱ्यास दाखवावी. कागदास चिकटपट्टी लावू नये, टाचणी टोचू नये; दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि तो कोणत्या घरातून आला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. घरी सांभाळणे होत नसेल तर पुराभिलेखागाराकडे किंवा एखाद्या संशोधन मंडळाकडे चौकशी करावी. संग्राहकास विकावयाचा झाला तरी तो सबंध ठेवण्याचे वचन आधी घ्यावे. आणि संग्राहकांनी सुटे, कापलेले तिकीट विकत घेणेच सोडून द्यावे. गिऱ्हाईक उरले नाही की कापणाराही उरणार नाही.