सुतळी एकच हवी

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यासाठी धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. नळदुर्ग आणि परंडा जिल्ह्यातच आहेत. पण किल्ला झाला की मावळे नुसते उभे राहतात. त्यांची लढाई का खेळू नये? विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियमच दिले. एका खेपेला पायदळ १ फूट सरकते, घोडदळ २ फूट.

मात्र अंगणात पंच नसतो. ‘गोळा लागला’, ‘नाही लागला’ यावरून खेळ मोडतो. म्हणून नियम आधी ठरवावेत. दोघांनी एकाच सुतळीने मापावे. शंका आली तर नाणे उडवावे. दुसऱ्याच्या मावळ्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि सुतळी बोटभर अपुरी पडली, प्रतिस्पर्ध्याने ते पाहिले नाही, तरी आपणच सांगावे. प्रयोगशाळेतही हेच करायचे असते. मोजमाप आपल्या अंदाजाविरुद्ध गेले, तरी वहीत तेच लिहायचे. मित्रांनो, ही सवय खेळात लागली नाही, तर प्रयोगात कुठून येणार?