हा रकाना कोणी मागितला?

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीची दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती: नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले. बँकेच्या दप्तरात मात्र कुटुंब नसते, खातेदार असतो. ही दोन टोके जुळवायला अर्जात नवरा-बायको दोघांचेही आधार क्रमांक आले, बँकांसाठी ६६ रकान्यांचा तक्ता आला आणि इस्लापूर-बोधडीकडचा शेतकरी तालुक्याच्या गावी, किनवटला, अर्जाच्या केंद्रावर रांगेत उभा राहिला. पुढे याद्या जुळेनात, तेव्हा खापर सॉफ्टवेअरवर फुटले. सॉफ्टवेअर उलटून बोलत नाही, हे किती सोयीचे!

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने कुटुंब सोडून व्यक्ती धरली आणि अर्जही काढून टाकला. बँकांच्या याद्या आणि आधार प्रमाणीकरण यांवर काम भागले. वरची अट हलली की खालचे किती रकाने गळतात, हे तेव्हा दिसले.

ते आधीच दिसावे यासाठी यूएमएलची, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा चित्रांत मांडायच्या भाषेची, साधने आहेत. मूळ यूएमएलमध्ये गरज, म्हणजे इथे योजनेची अट, मांडायला वेगळा घटक नाही. एंटरप्राइझ आर्किटेक्टसारखी साधने तो पुरवतात आणि यूएमएलवरूनच बेतलेल्या सिसएमएलमध्ये तो रीतसर आहे. प्रत्येक अट मॉडेलमध्ये मांडायची. कोणती यूज केस (वापराचा प्रसंग), कोणता क्लास (माहितीचा साचा) आणि त्यातला कोणता रकाना, कोणती चाचणी तिच्यासाठी आहे, ते तुटक बाणांनी जोडायचे. मग साधन तक्ता काढून देते. अटीची ओळ रिकामी, तर ती कोणी अमलातच आणली नाही. रकान्याचा स्तंभ रिकामा, तर तो कोणी मागितलाच नव्हता. सरकारी अर्जांचे जुने दुखणे हे दुसरे.

अर्थात कंत्राटदाराचे बिल निघायच्या आदल्या आठवड्यात ओढलेले बाणही तितकेच देखणे दिसतात. म्हणून ते केव्हा ओढले, हेही तपासावे.

प्रत्येक शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो, पण तो अख्ख्या कागदाचा. आतल्या अटींचे परिच्छेद-क्रमांक मॉडेलपर्यंत न्यावेत, मॉडेलची फाइल निविदेतच मागावी आणि ती कंत्राटदाराकडे न सोडता खात्याने ठेवावी. किनवटच्या केंद्रावर एखाद्या बाईने ‘यात नवऱ्याचा आधार कशाला?’ असे विचारले, तर ऑपरेटरला त्या रकान्याशेजारीच परिच्छेदाचा क्रमांक दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर तो रकाना भरायला लावू नये.