एकही चेंडू न टाकता ३२.५ कोटी डॉलर! यामामोटोसाठी डॉजर्सने जास्त पैसे मोजले का?

डिसेंबर २०२३. लॉस एंजेलिस डॉजर्सने जपानी पिचर योशिनोबू यामामोटोशी १२ वर्षांचा करार केला. किंमत ३२.५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २,७०० कोटी रुपये. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये त्याने तोवर एकही चेंडू टाकला नव्हता. मग हा सौदा महागात पडला का?

खर्च नेमका किती?

यामामोटो जपानच्या ओरिक्स बफेलोज संघाकडे होता. जपानी संघाने परवानगी दिली की खेळाडू कोणत्याही अमेरिकी संघाशी बोलणी करू शकतो. मात्र त्याला घेणाऱ्या संघाला जुन्या संघाला वेगळी रक्कम द्यावी लागते. ती सुमारे ५.०६ कोटी डॉलर होती. म्हणजे एकूण खर्च ३७.५ कोटींच्या वर गेला.

त्याच आठवड्यात आयपीएल लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने मिचेल स्टार्कवर २४.७५ कोटी रुपये लावले. पण तो सौदा एका हंगामाचा होता आणि पुढच्या लिलावाआधी संघाने स्टार्कला सोडूनही दिले. डॉजर्सला ही मुभा नाही. खेळाडू दुखापतीने घरी बसला तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. उलट, करार मध्येच सोडण्याचे दोन पर्याय यामामोटोकडे आहेत. म्हणजे खेळ उंचावला तर तो जाऊ शकतो. खालावला तर भार संघावर.

आक्षेप काय होते?

जपानमधला चेंडू किंचित लहान असतो आणि हातात पक्का बसतो. तिथे पिचर साधारण आठवड्यातून एकदाच खेळतो. अमेरिकेत हे जमेल का, ही शंका रास्त होती. मार्च २०२४ मध्ये सोलमधल्या पदार्पणात यामामोटोने एकाच इनिंगमध्ये पाच धावा दिल्या. पुढे खांद्याच्या दुखापतीमुळे तो जवळपास तीन महिने बाहेर राहिला.

२०२५ मध्ये चित्र पालटले. ३० सामन्यांत त्याच्या खात्यावर नऊ इनिंगमागे सरासरी फक्त २.४९ धावा लागल्या. टोरंटोविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजमध्ये तीन विजय त्याच्या नावावर जमा झाले आणि तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टीकाकार गप्प झाले.

पण हा पुरावा चुकीचा आहे

सातवा सामना डॉजर्सने ११ इनिंगनंतर ५-४ असा, अगदी काठावर जिंकला. शेवटचा चेंडू वेगळ्या दिशेने गेला असता, तर २०२३ मधला निर्णय चुकीचा ठरला असता का? नाही. सौद्याची किंमत त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरच जोखायला हवी.

स्टीफन स्ट्रासबर्गचे उदाहरण बघा. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा तोही सर्वोत्तम खेळाडू होता. त्यानंतर वॉशिंग्टन नॅशनल्सने वयाच्या ३१ व्या वर्षी त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर दिले. दुखापतींमुळे तो पुढे फक्त आठ सामने खेळू शकला. संघाने झालेल्या कामगिरीचे पैसे मोजले, उरलेल्या वर्षांचे नाही.

यामामोटोचे गणित वेगळे होते. अमेरिकी खेळाडूला फ्री एजंट होण्यासाठी मेजर लीगमध्ये सहा वर्षे काढावी लागतात, त्यामुळे बहुतेक जण तिशीच्या आसपास बाजारात येतात. यामामोटो २५ वर्षांचा होता. जपानमधल्या सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार त्याने सलग तीनदा जिंकला होता. डॉजर्सने पैसे मोजले ते त्याच्या उमेदीच्या वर्षांसाठी.

लांब कराराचा आणखी एक फायदा आहे. मर्यादेबाहेर खर्च करणाऱ्या संघांना कर भरावा लागतो आणि तो कराराच्या वार्षिक सरासरीवर मोजला जातो. यामामोटोची सरासरी सुमारे २.७ कोटी डॉलर आहे. जवळपास तेवढ्याच रकमेचा, पण नऊ वर्षांचा करार असलेल्या यँकीजच्या गेरिट कोलची ३.६ कोटी.

थोडक्यात, किंमत मोठी होती, पण जास्त नव्हती. अर्थात, हा धोका डॉजर्ससारख्या श्रीमंत संघालाच पेलणारा आहे. लहान संघाची तिजोरी एका दुखापतीत रिकामी झाली असती. सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकलेल्या यामामोटोने दुसऱ्याच दिवशी आणखी ३४ टाकले. करार संपेल २०३५ मध्ये, तेव्हा तो ३७ वर्षांचा असेल. तोवर हा हात किती टिकतो, हे आज कुणीच सांगू शकत नाही. उद्या तो दुखावला, तर हाच सौदा पुन्हा 'महाग' ठरवला जाईल. तेव्हाही आठवावे लागेल की २०२३ मध्ये तो योग्यच होता.