सूर-असुर : गिटार नेमकी कुणाची?



मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत मला एक ठरलेला प्रश्न विचारला जातो. पूर्वी तो "तुम्ही ही धडधड ऐकता तरी कशी हो?" असा असायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत तो बदललाय. आता आई-वडील जरा बाजूला घेऊन विचारतात, "आमच्या चिरंजीवांनी तबल्याचा क्लास सोडलाय आणि इलेक्ट्रिक गिटार मागतायत. तुम्ही त्यातले जाणकार. समजवा ना जरा!"

समजवायचं कुणाला, यावर आमचं एकमत होत नाही, ही गोष्ट वेगळी.

या प्रश्नामागची काळजी मला कळते. तबला वाजवणारं पोर आपलं राहील आणि गिटार वाजवणारं 'त्यांचं' होईल, असा तो हिशेब आहे. पण हॉलंडात राहून हा हिशेब मांडणं म्हणजे मौजच आहे. कारण या देशात रॉकची गिटार आणून ती गाजवली, तीच मुळी बाहेरून आलेल्या माणसांनी. आजचं सदर त्याबद्दल. शेवटी नेहमीप्रमाणे यादी आहेच. घाईत असणाऱ्यांनी थेट तिकडे उडी मारायला हरकत नाही.

सुराबायाचे चार भाऊ

१९४९ च्या डिसेंबरात डचांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिकडून सुमारे तीन लाख माणसं इथे आली. त्यात मिश्र वंशाची बरीच होती. त्यांना इथे 'इंडो' म्हणतात. कागदोपत्री डच, रंगाने सावळे आणि पानात भात! सरकारने यातल्या पुष्कळांना बोर्डिंगवजा घरांत ठेवलं आणि कपड्यालत्त्यासाठी दिलेली उचल पुढे वसूलही केली. इथला पहिला हिवाळा एका खोलीत कुडकुडत काढलेल्यांना यात ओळखीचं काही सापडेल.

टीलमन कुटुंब १९५७ मध्ये सुराबायाहून येऊन ब्रेडाला राहिलं. रेजी, पाँथन, अँडी आणि लूलू असे चार भाऊ, चौघेही वाजवणारे. १९५८ मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी कार्यक्रम केले आणि त्याच वर्षी 'रॉक लिटल बेबी ऑफ माइन' ही रेकॉर्ड काढली. हॉलंडची पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. अँडी टीलमन गिटार पाठीमागे धरून वाजवायचा, दातांनी वाजवायचा, पायानेही वाजवायचा. जिमी हेंड्रिक्सने दातांनी गिटार वाजवून अमेरिकेला तोंडात बोट घालायला लावलं ते १९६७ साली. आमचे ब्रेडाकर तोवर हे सगळं करून दमले होते!

या पोरांना रॉक डच पोरांच्या आधी कसं सापडलं? एक तर तिकडे रेडिओवर अमेरिकन गाणी ऐकू यायची. दुसरं कारण जुनं आहे. जावाच्या 'क्रोन्चोंग' संगीतात गिटारच्या जातीची वाद्यं शेकडो वर्षं आहेत आणि ती तिथे नेली पोर्तुगीजांनी. तेच पोर्तुगीज, जे आपल्या गोव्यात उतरले. म्हणजे जावाला आणि कोकणच्या किनाऱ्याला गिटार एकाच घराण्याच्या जहाजांतून आली म्हणायला हरकत नाही. पुढे गोव्याचे वादक मुंबईला आले आणि अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट या मंडळींनी हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ घडवला. लताबाईंची जुनी गाणी 'आपली' म्हणून ऐकताना त्यामागे किती व्हायोलिनं, ट्रंपेटं आणि गिटारी वाजताहेत, हे आपण सोयीस्कर विसरतो. असो.

फैझाबाद, पाचगणी, नायमेखन

डेन हागचा 'गोल्डन इअरिंग' हा बँड म्हणजे डच रॉकचा आधारवड. १९६१ मध्ये जॉर्ज कोयमान्स आणि रिनुस खेरिट्सन या दोन शाळकरी पोरांनी तो काढला. १९७३ चं त्यांचं 'रडार लव्ह' जगभर वाजलं. आणि हे गाणं म्हणणारा बॅरी हे जन्मला कुठे? फैझाबादला! १९४८ साली. आई डच, वडील स्कॉटिश लष्करी अधिकारी. आठेक वर्षांचा असताना तो हॉलंडात आला. डच सहकाऱ्याला हे सांगून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. २०२१ मध्ये कोयमान्सला एएलएस हा दुर्धर आजार झाल्याचं कळलं आणि बँड थांबला. २०२५ च्या जुलैत तो गेला. साठ वर्षं एकत्र वाजवणारी माणसं कुठल्याही संगीतात दुर्मीळच.

दुसरा किस्सा एडी व्हॅन हेलनचा. जन्म १९५५, ॲमस्टरडॅम. बालपण नायमेखनला. वडील डच वादक, आई जावाची इंडो. १९६२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेलं. घरच्यांनी मुलांना पियानोला बसवलं होतं. पुढे गिटार घेऊन एडीने काय केलं ते सर्वश्रुत आहे. तबला सोडलेल्या चिरंजीवांच्या मातापित्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आणि तिसरा तर आपल्या सातारा जिल्ह्यातला. १९९९ पासून दर वर्षी नाताळ ते ३१ डिसेंबर रेडिओ २ वर 'टॉप २०००' लागतं. अख्खा देश मतं देतो आणि बहुतेक वर्षी पहिला नंबर क्वीनच्या 'बोहेमियन रॅप्सडी'चा असतो. पॅरिसच्या हल्ल्यांनंतर २०१५ मध्ये जॉन लेननचं 'इमॅजिन' वर गेलं, २०२० मध्ये डॅनी व्हेराचं 'रोलर कोस्टर'. पण असे अपवाद थोडे. तर ज्या गाण्यावर हा देश वर्ष संपवतो ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच त्याने 'हेक्टिक्स' या पोरापोरांच्या बँडमध्ये पियानो बडवला. एकतीस डिसेंबरला ऑलीबोलन खाता खाता शेजाऱ्यांना हे जरूर सांगा.

सोन्याचा दिवस

हा झाला इतिहास. आता आजचं, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

ॲमस्टरडॅमला २०१६ पासून 'आल्तिन ग्युन' नावाचा बँड आहे. तुर्की भाषेत त्याचा अर्थ 'सोन्याचा दिवस'. यास्पर फर्हुल्स्ट हा डच बेसवादक जुन्या तुर्की रॉकच्या प्रेमात पडला आणि त्याने जाहिरात देऊन तुर्की गाणारी माणसं शोधली. मेर्वे दाशदेमिर आणि एर्दिंच एजेवित मिळाले. हे लोक काय गातात? अनातोलियाची लोकगीतं! आजी-आजोबांच्या लग्नात वाजलेली असावीत अशी. सोबत विजेवर चालणारं साझ, बेस, ड्रम्स. २०१९ च्या 'गेजे' या त्यांच्या रेकॉर्डला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मेर्वे २०२४ मध्ये बाहेर पडली, पण बँड चालू आहे.

मला यात काय आवडतं सांगतो. 'फ्यूजन' नावाखाली आपल्याकडे बऱ्याचदा दोन पाहुणे एका सोफ्यावर बसवल्यासारखं होतं. गिटार आपलं वाजवते, तबला आपला वाजवतो, मध्ये कुणीतरी तराणा म्हणतो, आणि शेवटी सवाल-जवाब. आल्तिन ग्युनमध्ये चाल लोकगीताचीच राहते, शब्द बदलत नाहीत, ठेकाही पुष्कळदा तोच. बदलतो फक्त आवाजाचा पोत. म्हणून ते उसनं वाटत नाही.

मग मला प्रश्न पडतो, आपलं काय? आपल्याकडे सामग्री कमी आहे का? तुणतुणं म्हणजे एका तारेची गिटारच. दिंडीतल्या टाळांचं काम ड्रम्समधली हाय-हॅट करते तेच. संबळ ऐकून ज्याचं अंग हलत नाही त्याला मेटल ऐकवूनही उपयोग नाही. आणि डफाच्या तालावर टिपेला जाणारा पोवाडा हा तर आपला घरचा रॉक!

मायदेशी सुरुवात झालेली आहे. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर करतो. दिल्लीचा 'ब्लडीवूड' ढोल आणि मेटल एकत्र आणून युरोपभर फिरतो. आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणं आलं ते कुणाच्या लेबलवर? मूळच्या हिल्वरसमच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'च्या! त्यात गिटार औषधालाही नाही, आणि माझ्यासारख्या सनातनी रॉकवाल्याने खरं तर नाक मुरडायला हवं. पण आपली मुलं डच मित्रांना एक मराठी गाणं स्वतःहून ऐकवताहेत, हे दृश्य बघून मुरडलेलं नाक सरळ होतं.

या तिमाहीची यादी

१. फोकस : 'मूव्हिंग वेव्हज' (१९७१). यातलं 'होकस पोकस' आधी ऐका. यान आकरमनची गिटार आणि टाइस फान लेरचं योडलिंग. शब्द नाहीतच. गिटारचा मुखडा पुन्हा पुन्हा समेवर येतो आणि मध्ये लेरसाहेब काय वाटेल ते करतात. तराण्याची आणि किशोरकुमारची सवय असलेल्या कानांना अजिबात परकं वाटणार नाही.

२. शॉकिंग ब्लू : 'ॲट होम' (१९६९). 'व्हीनस' गाऊन १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेली हीच ती डेन हागची मंडळी. यातल्या 'लव्ह बझ'मध्ये सतार आहे. सतार बेताची, गाणं फक्कड. निर्वाणाचं १९८८ चं पहिलं सिंगल म्हणजे हेच गाणं.

३. द गॅदरिंग : 'मँडिलियन' (१९९५). ओस गावचा बँड. मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा, असं म्हणणाऱ्यांना मी अनेके फान गीर्सबर्गनचा आवाज ऐकवतो. वाद मिटतो.

४. डेवोल्फ : 'मसल शोल्स' (२०२४). लिंबुर्गचे तिघे. दोन भाऊ आणि हॅमंड ऑर्गन वाजवणारा दोस्त. १९७० च्या दशकातला आवाज आज कसा काढावा याचा वस्तुपाठ. मात्र सगळं एका बैठकीत ऐकू नका, थोडं सारखं वाटतं.

५. आल्तिन ग्युन : 'आश्क' (२०२३). आश्क म्हणजे आपला इश्कच. 'गेजे'पेक्षा मला हे उजवं वाटतं, कारण सगळे एकत्र बसून वाजवताहेत असं ऐकू येतं.

थोडं व्यवहाराचं

पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर तिकीट काढायचीही गरज नाही. ५ मे रोजी मुक्तिदिनानिमित्त बाराही प्रांतांत मोकळ्या मैदानावर कार्यक्रम असतात, बहुतेक ठिकाणी फुकट. डबा आणि सतरंजी घेऊन सहकुटुंब जावं. सभागृहात जायचं तर ॲमस्टरडॅमचं पाराडिसो, युट्रेख्टचं तिव्होली-फ्रेडेनबर्ख, टिलबर्गचं ०१३, आइंडहोवनचं एफेनार. पाराडिसो पूर्वी प्रार्थनामंदिर होतं, १९६८ पासून तिथे हे दुसरं दैवत बसलंय.

आणि कान सांभाळा. हे मी इंजिनिअर म्हणून सांगतोय. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते जेमतेम १५ मिनिटं, आणि रॉकची मैफल सहज तेवढी मोठी असते. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, चांगल्यातले संगीताची मजा घालवत नाहीत. मुलांना तर त्याशिवाय नेऊच नये.

आता कळीचा मुद्दा. आपल्या स्नेहसंमेलनांत पाच ते बारा वयाची मुलं स्टेजवर भरपूर असतात. नऊवारी, फेटे, लेझीम, सगळं. तेराव्या वर्षापासून तीच मुलं दिसेनाशी होतात. ती घरी असतात, हेडफोन लावून. आपण त्यांना मराठी संगीत म्हणून जे देतो ते एक तर बालगीत असतं, नाहीतर नाट्यगीत. मधल्या वयासाठी आपल्याकडे काहीच नाही. आणि टीलमन असोत की आल्तिन ग्युन, त्यांच्या गोष्टी ऐकून मला तरी असं वाटतं, की घरचं गाणं टिकलं ते पोरांनी त्याला हात लावला म्हणून. काचेच्या कपाटात ठेवून नव्हे.

तेव्हा कार्यकारिणीला एक जाहीर सूचना : पुढच्या गणेशोत्सवात पंधरा मिनिटं तेरा ते एकोणीस वयाच्या पोरांना द्या. अट एकच. गाणं मराठी हवं. ओवी, अभंग, गोंधळ, पोवाडा, काहीही. वाद्यं त्यांच्या मर्जीची, आवाज किती ते आपण ठरवू. ॲम्प्लिफायर आणि वायरी माझ्याकडून, सराव घ्यायला शनिवारी दुपारी मी मोकळा असतो. चिरंजीवांना आणि कन्यारत्नांना पाठवा. तबला सोडलेल्यांनी तो क्लासमध्ये शिकलेला ठेका तेवढा बरोबर आणावा. तो लागणार आहे.

पुढच्या अंकात ड्रम्सविषयी. शेजाऱ्यांची आधीच क्षमा मागतो.

लोभ असावा.