बोटीतली खोली : पाकिटाला नव्हे, प्रकृतीला विचारा

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तापी आणि नर्मदा आपल्या अंगणातून जातात आणि गुजरातेत जाऊन समुद्राला मिळतात, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. आपल्याकडे आरोग्य आणि बोट हे शब्द एकत्र आले, की अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठच्या गावांसाठी सुरू झालेला तरंगता दवाखानाच डोळ्यांसमोर येतो. मग आरोग्याच्या सदरात सहलीच्या जहाजावरच्या खोल्यांचा विषय कशाला, असे वाचक विचारतील. विषय माझ्या दवाखान्यातूनच आला आहे. तो थोडा माझ्या चुकीतूनही आला आहे, हे आधीच कबूल करतो.

मुंबई-गोवा हा बोटीचा प्रवास नवा नाही. कोकणातल्या कित्येक पिढ्या आगबोटीने मुंबईला आल्या. पुढे ती वाहतूक बंद पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांची आठवण देणाऱ्या या बोटीत डॉर्मिटरीपासून सूटपर्यंत निरनिराळ्या दरांची सोय होती. सप्टेंबर २०२१ पासून कोर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. तेव्हापासून आपल्या गावातही आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ‘क्रूझ’ भेट देण्याची पद्धत रुजू लागली आहे. मुले पुण्यात, सुरतेत, परदेशात. तिथूनच ती पैसे भरतात, खोली ठरवतात आणि तिकीट मोबाईलवर पाठवतात. ज्यांना त्या खोलीत झोपायचे आहे त्यांना मात्र कोणीच काही विचारत नाही.

आमच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सारे गुरुजी म्हणतात, त्यांच्या पत्नीला माई. गुरुजींना आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. बोटीचे तिकीट आल्यावर दोघे माझ्याकडे आली. “डॉक्टरसाहेब, जायला हरकत नाही ना?” गुरुजींनी विचारले. मी त्यांचा रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला, गोळ्या तपासल्या आणि खुशाल जा म्हणालो. मुलाने सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, अगदी पुढच्या टोकाचा सूट घेतला होता. गुरुजींनी त्याचे फोटो दाखवले. सोफा, काचेची भिंत, समोर निळा समुद्र. मीही कौतुक केले. माई शेजारच्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे, त्यांच्या गोळ्या मीच लिहून देतो. पण त्या दिवशी मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

पहिल्या रात्री समुद्र थोडा हलता होता. खलाशांच्या लेखी ते काहीच नव्हते. माईंना मात्र रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी सवयीप्रमाणे त्यांनी साखरेची गोळी घेतली, पोहे खाल्ले आणि पाच मिनिटांत सगळे बाहेर पडले. गोळी पोटात राहिली की पडली हे कोणालाच कळले नाही. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले. गुरुजींना वाटले, थकल्या असतील, झोपू द्यावे. नशिबाने खोली साफ करायला आलेल्या पोराने त्यांची अवस्था पाहून डॉक्टरला बोलावले. रक्तातली साखर फार उतरली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या. आणखी दोन तास कोणी आले नसते तर काय झाले असते, हे मी गुरुजींना सांगितलेले नाही. आज प्रथमच लिहितो आहे.

परत आल्यावर माई म्हणाल्या, “तोरणमाळच्या घाटातसुद्धा मला उलट्या होतात डॉक्टरसाहेब. पण पोराने एवढ्या हौसेने खोली घेतली, मग कसं सांगणार?” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या घरातल्या बायका घाटात काय होते ते सांगत नाहीत; त्या पदराला लिंबू बांधून घेतात आणि एसटीत बसतात. विचारणे हे मुलाचे आणि डॉक्टरचे काम होते. आम्ही दोघांनीही ते केले नाही.

आता मूळ मुद्दा. सारंगखेड्याच्या यात्रेतला जहाजाच्या आकाराचा मोठा झोका सर्वांनी पाहिला असेल. टोकाला बसणारा आभाळात जातो आणि किंचाळतो, मधोमध बसणारा बराच स्वस्थ असतो. खरे जहाजही असेच डोलते. पुढचे आणि मागचे टोक वरखाली होते, शिवाय ते दोन्ही बाजूंना कलते. उंच मजल्यावर हे कलणे जास्त जाणवते. म्हणून जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर असलेल्या खोलीत हालचाल सर्वांत कमी असते. सूट मात्र बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, काही तर अगदी टोकाला. म्हणजे पैसे जास्त मोजून आपण झोक्याच्या टोकाला जाऊन बसतो!

उलटी पोटामुळे होते असे लोकांना वाटते. पण सुरुवात कानातून होते. आतल्या कानात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. ती मेंदूला कळवतात की आपण हलत आहोत. डोळ्यांसमोर मात्र खोलीच्या स्थिर भिंती असतात आणि डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो, तोंडाला पाणी सुटते, मळमळते आणि उलटी होते. दूरच्या क्षितिजाकडे पाहिले की दोन्ही साक्षी जुळू लागतात आणि बरे वाटते. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची आणि शक्यतो खिडकीची खोली घ्यावी. ती सर्वांत स्वस्तही नसते आणि सर्वांत महागही नसते.

खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात. आतली बिनखिडकीची, खिडकीची, गॅलरीची आणि सूट. आतली खोली स्वस्त असते आणि तरण्याताठ्यांना पुरते, कारण ती झोपण्यापुरतीच खोलीत येतात. पण दिवा मालवला की तिथे काळाकुट्ट अंधार होतो, दिवस की रात्र ते कळत नाही. ज्या वृद्धांची स्मृती मंदावली आहे, जे रात्री उठून गोंधळतात, ज्यांना बंद जागेत गुदमरते, त्यांना अशी खोली देऊ नये. द्यावीच लागली तर न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिले ठेवावे.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज करोनामुळे अडवून ठेवले होते, ते वाचकांना आठवत असेल. जहाजावर ३,७११ माणसे होती, त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना दोन आठवडे खोलीतच राहावे लागले. गॅलरी असणाऱ्यांना निदान वारा आणि आकाश होते. आतल्या खोल्यांतल्या लोकांना थोडा वेळ डेकवर सोडत, तेवढेच. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ जण प्रवासी नव्हते, नोकरीला होते. खोलीबंद प्रवाशांच्या दारात जेवणाची थाळी नेऊन ठेवण्याचे काम नोकरवर्गाने केले आणि त्यांच्या स्वतःच्या झोपायच्या जागा खालच्या मजल्यांवर, दाटीवाटीच्या होत्या. माईंना वेळेवर पाहणाराही असाच एक पोरगा होता. जहाजावर गेलात तर त्यांच्याशी आदराने बोला.

आता वयस्कर माणसांसाठी खोली ठरवताना काय विचारावे, ते क्रमाने सांगतो.

पहिले, खोलीचा क्रमांक आधी मागून घ्या आणि जहाजाच्या नकाशावर तो कुठे येतो ते पाहा. ‘क्रमांक नंतर कळवू’ असे म्हणून काही ठिकाणी दर कमी करून देतात. तरुणांनी तो सौदा खुशाल करावा, म्हाताऱ्यांसाठी करू नये. खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहा. वर नाचघर, पोहण्याचा हौद किंवा स्वयंपाकघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. अगदी पुढे नांगराची साखळी वाजते, अगदी मागे खाली इंजिनाची घरघर असते. आजूबाजूला आणि वरखाली खोल्याच असतील तर ती जागा शांत.

दुसरे, लिफ्ट. गुडघे दुखणाऱ्याला किंवा धाप लागणाऱ्याला लिफ्टपासून लांबची खोली मिळाली तर दिवसातून आठ-दहा वेळा तो लांबलचक बोळ तुडवावा लागतो. खोली लिफ्टजवळ असावी, पण अगदी लगत नको, कारण तिथे लोकांची बडबड चालते.

तिसरे, न्हाणीघर. जहाजावरच्या न्हाणीघराला बऱ्याचदा उंच उंबरा असतो. रात्री लघवीला उठणारा माणूस त्याला अडखळून पडतो आणि मांडीचे हाड मोडून येतो. प्रोस्टेटच्या रोग्यांनी आणि पाण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे आधी विचारावे. धरायला दांडी आहे का, तेही विचारावे. अपंगांसाठी बिनउंबऱ्याच्या रुंद दाराच्या खोल्या असतात, पण मोजक्याच. त्या लवकर मागाव्या लागतात.

चौथे, पलंग. एका खोलीत चौघांची सोय म्हणतात तेव्हा दोन पलंग बहुधा भिंतीतून वर उघडणारे असतात आणि त्यांना शिडी असते. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना वर चढवू नये. रेल्वेत लोअर बर्थसाठी आपण टी.सी.च्या मागे फिरतो, तेवढी काळजी इथेही घ्यावी.

पाचवे, औषधे. इन्सुलिन ठेवायला फ्रीज आहे का, आणि तो खरोखर थंड होतो का, हे विचारावे. इन्सुलिन गोठू देऊ नये. सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान खोलीत उशिरा पोचते. उलट्यांमुळे अन्न टिकत नसेल तर साखरेच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेत राहू नयेत, आणि इन्सुलिन आपल्या मनाने बंदही करू नये. अशा वेळी काय करायचे, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावे. माईंना मी तो कागद दिला नव्हता.

अव्होमिनसारख्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. त्या मळमळ सुरू होण्याआधी घेतल्या तरच उपयोगी पडतात, उलट्या लागल्यावर नाही. त्यांनी झोप येते, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही रोग्यांना त्या धोक्याच्या असतात. दारूबरोबर तर मुळीच घेऊ नयेत. शेजाऱ्याने दिली म्हणून घेतली, असे करू नका. आले चघळून काहींना बरे वाटते, त्याला माझी हरकत नाही.

जहाजावर डॉक्टर असतो, म्हणून निर्धास्त राहू नये. तिथली सोय चांगल्या छोट्या दवाखान्याएवढी धरा. गंभीर रोग्याला शेवटी किनाऱ्यावरच न्यावे लागते आणि त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. प्रवासाचा विमा काढताना जुना आजार लपवू नये. आणि बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. तिथे ठेवलेला जेल त्या विषाणूंवर पुरेसा पडत नाही.

सूट वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. ज्याला घाट लागत नाही, ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्याला परवडते, त्याने अवश्य घ्यावा. पण खोली ही शेजाऱ्यांना दाखवायची वस्तू नाही. फोटो एका मिनिटात काढून होतो, रात्र मात्र पूर्ण काढावी लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. बोटीवर मी ती उलटी करून सांगेन : पाय पाहून अंथरूण निवडावे. मुलांनो, पैसे भरण्यापूर्वी आईला एक फोन करा आणि ‘कुठली खोली हवी’ असे विचारू नका, कारण ती ‘कुठलीही चालेल’ असेच म्हणेल. ‘आई, तुला तोरणमाळच्या घाटात काय होतं?’ असे विचारा.

माझ्या दवाखान्यात तो प्रश्न मी आता जोडीतल्या दोघांनाही विचारतो, आणि गप्प बसलेल्याला आधी विचारतो. गुरुजी आणि माई येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचे म्हणतात. या वेळी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, एका खिडकीची साधी खोली ठरली आहे. ती माईंनी स्वतः नकाशावर बोट ठेवून निवडली.