फोन आहे, हात हवेत
बोलता न येणाऱ्या मुलाने चित्रावर बोट ठेवायचे आणि फोनने त्याच्यासाठी मराठीत बोलायचे, ही सोय आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ ॲप फुकट देते. जिल्हा रुग्णालयातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठायचे तर खेड्यातल्या आईचा रोज बुडतो. म्हणून अशा मुलाचा बोलण्याचा सराव आणि हातापायांचे व्यायाम घरीच, भाकऱ्या उरकल्यावर. बोलण्यासाठी तिथे ॲप कामी येते, हे खरेच. पण आखडलेला पाय किती ताणायचा, हे व्हिडिओ बघून कळत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्टने आईचा हात हातात धरून दाखवावे लागते. शिवाय घरातला एकुलता स्मार्टफोन दिवसभर बापाच्या खिशात! २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. आता महिन्यातून एकदा तरी घरी येणारा थेरपिस्ट सरकारने द्यावा. आशाताईंच्या यादीत आणखी एक काम वाढवून हे भागणार नाही.