ऑफिसचा मेडिक्लेम : जीएसटी गेला, तरी घाई नको

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. कंपनी कर्मचाऱ्यांसाठी जो गटविमा काढते, त्याला मात्र ही सूट नाही. आईवडिलांचा प्रीमियम पगारातून कापला जात असेल, तर त्यांना ऑफिसच्या पॉलिसीतून काढून स्वतंत्र विमा घ्यावा का, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. निर्णय फक्त करावरून घेऊ नका.

आधीचे आजार

बहुतेक गटविम्यांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अशा आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली असेल, तर कर वाचवण्याच्या नादात तीच ३ वर्षे उघड्यावर पडतात. म्हणून नवी पॉलिसी घेतलीत तरी तिचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत जुने संरक्षण सोडू नका. आईवडील ७० वर्षांपुढचे असतील, तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी चालते.

खोली निवडताना

अनेक पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का असते. म्हणजे ५ लाखांच्या विम्यावर दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापले जातात. हा खर्च १,२०,००० असेल, तर मंजूर होतात ६०,०००. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. बिलात ती लावलेली दिसली, तर लेखी हरकत घ्या.

"डॉक्टर, अ‍ॅडमिट करून घ्या ना"

फक्त एमआरआय किंवा रक्ततपासण्यांचा खर्च मिळावा म्हणून दाखल होऊ नका. ज्या तपासण्या ओपीडीत होऊ शकतात, त्यासाठी दाखल झाल्यास क्लेम सहसा नाकारला जातो. खरोखर दाखल होण्याची गरज असेल, तर ती का आहे हे केसपेपरवर स्पष्ट लिहायला डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा उपचारांना २४ तास राहण्याची अट सहसा नसते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर टीपीएला आधी कळवा.

मंजुरी अडकली तर

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. या उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे आहेत. क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा. आधी विमा कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, तक्रारीला फी नाही आणि गटविम्याच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात.

नोकरी गेली की विमाही जातो

ऑफिसच्या मेडिक्लेमची खरी अडचण ही आहे. नोकरी संपली की संरक्षणही सहसा संपते आणि पन्नाशीनंतर, एखादा आजार मागे लागल्यावर, नवा विमा महाग पडतो. वैयक्तिक विम्यावरचा कर गेल्याचा उपयोग इथे करा. तब्येत धडधाकट असतानाच स्वतःची एक पॉलिसी किंवा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे प्रतीक्षा काळ नोकरीत असतानाच सरेल. अर्जात आजार लपवू नका. नोकरी सोडणार असाल, तर शेवटच्या दिवसाआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल चौकशी करा. गटविम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात धरली जातात.

या आठवड्यात एचआरकडून पॉलिसीची प्रत मागवा आणि तीन गोष्टी पाहा : खोलीभाड्याची मर्यादा, आईवडिलांच्या बिलातला तुमचा वाटा आणि बाळंतपणाची रक्कम. ई-कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण दाखल होणारी व्यक्ती तुम्हीच असू शकता.